रेकॉर्डचा सा सापडला, त्याबद्दल

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

तोंडावर आभार मानलेले तुम्हाला चालत नाहीत. मी विषय काढला की तुम्ही उठून रेकॉर्डची बाजू पालटता. म्हणून हे उघड पत्र. शनिवारी तुमच्याकडे रेकॉर्डी ऐकायला जमणाऱ्या आपल्या मंडळींनी वाचावं, आणि "जाझमधलं आपल्याला काय कळणार" म्हणून जे दारातच थांबलेत त्यांनीही.

बाबा गेल्यावर त्यांच्या एलपींचं काय करायचं ते आम्हाला सुचत नव्हतं. रद्दीवाला येऊन भाव सांगून गेला होता. त्या ढिगातून मी एकच काढून ठेवली, अमेरिकन जाझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू'. ऐंशीच्या दशकात मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डींच्या दुकानातून आणलेली. जेवणं उरकली की बाबा ती लावायचे. मी पेटी शिकवते, त्यामुळे काहीही ऐकलं की हात आधी सा शोधायला जातो. इथे सा मिळेचना. पांढरी दोन, म्हणजे पेटीची दुसरी पांढरी पट्टी, धरली की रेकॉर्ड वर, तिच्या लगतची वरची काळी दोन धरली की रेकॉर्ड खाली. दुरुस्तीवाल्याने प्लेअरचा पट्टा दोनदा बदलला आणि शेवटी म्हणाला, "मशीन ठीक आहे बाई, तुमच्या कानालाच तसं वाटतंय."

ते वाक्य मला फार लागलं, काका. वीस वर्षं मी मुलांना "थांब, सूर उतरला" म्हणत आले. त्या आठवड्यात क्लासमध्ये एकालाही थांबवलं नाही. धीरच होईना.

तुम्ही आलात ते बाबांना भेटायला न येता आल्याची चुटपुट घेऊन. मुंबईच्या रंगभवनातली तुमची त्यांची ओळख, १९७८ च्या पहिल्या जाझ यात्रा महोत्सवातली, सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स आले होते तेव्हाची. मी चहा देता देता रेकॉर्डचं रडगाणं सांगितलं. तुम्ही समजूत घातली नाहीत, शंकाही घेतली नाहीत. एवढंच विचारलंत, "दुसरी बाजू लावून बघितलीस?"

नव्हती बघितली. लावली. 'ऑल ब्लूज' सुरू झालं आणि पांढरी पाचवर सा नेमका बसला.

मग तुम्ही सांगितलंत ते मी तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कच्या थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओत दोन दिवसांत झालं, २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९. पहिल्या बाजूच्या तिन्ही रचना मार्चमधल्या. त्या दिवशी मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं. हळू फिरलेली टेप नेहमीच्या गतीने वाजवली की सूर चढतो, आणि त्याच टेपवरून रेकॉर्डी निघत राहिल्या. शेजारच्या यंत्रावर राखीव टेप चालू होती, तिची गती बरोबर होती. ती वापरून पहिली बाजू सुधारली गेली १९९२ मध्ये. म्हणजे तेहेतीस वर्षं जगभर ती बाजू चढीच वाजत होती, आणि आमच्या घरातली एलपी त्याच काळातली.

पुढच्या शनिवारी तुमच्या घरी मला पेटी घेऊन बोलावलंत. तुमच्या प्लेअरला गती कमीजास्त करायची पट्टी आहे. तुम्ही ती बोटाने केसभर खाली ओढलीत, माझ्याकडे बघितलंत, आणखी केसभर ओढलीत. पहिल्या बाजूचं 'सो व्हॉट' सुरू होतं, पॉल चेंबर्सचा बास प्रश्न विचारल्यासारखा येतो, बाकीचे दोन स्वरांत उत्तर देतात. पांढरी दोनवर माझं बोट होतं. सगळं आत जाऊन बसलं. खोलीतले पाचही जण गप्प होते.

त्या रचनेत शिरायची वाटही तुम्हीच दाखवलीत. "काफीचेच स्वर आहेत ना बघ, कोमल ग, कोमल नी." होते. सोळा मात्रांची नव्हे, सोळा बारची (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) पांढरी दोनवरची काफी, मग आठ बार अख्खा सा उचलून काळी दोनवर, मग आठ बार परत घरी. एवढाच आराखडा, आणि त्यावर माइल्स किती कमी स्वर वापरतो आणि सॅक्सोफोनवर कोल्ट्रेन किती जास्त! हा राग नव्हे हे तुम्ही लगेच बजावलंत, चलन नाही, वादी-संवादी नाही. ते बजावणंही मला आवडलं.

आईचंही सांगायला हवं. तिला हे सगळं परकं वाटायचं. तुम्ही तिला 'अलबेला' लावून दाखवलात. सी. रामचंद्रांची गाणी तिला पाठ आहेत, पण त्यात आपल्या बँडसकट दिसणारा ट्रम्पेटवाला गोव्याच्या हळदोण्याचा चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियेर वाझ, हे तिला पहिल्यांदा कळलं. "म्हणजे हे आपल्याकडे होतंच की," ती म्हणाली आणि बसून राहिली.

एक गोष्ट त्या दिवशी मी कुणालाच सांगितली नाही. एलपीच्या कव्हरच्या मागे कोपऱ्यात पेन्सिलीने 'पां. २ ?' असं बाबांच्या अक्षरात आहे. मी ती किंमत समजत होते. तुमच्याकडून घरी आल्यावर दिव्याखाली पुन्हा पाहिलं. त्यांनाही खटकलं होतं, आणि त्यांना विचारायला कुणी भेटलं नव्हतं.

कव्हर घेऊन येत्या शनिवारी येते. आईही येणार आहे, तिला पुन्हा दुसरी बाजू ऐकायची आहे.

तुमची,
पेटीवाली