चौथरा तयार आहे, विमान कुठे आहे? – मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,
(आपले नाव मी येथे मुद्दाम लिहिलेले नाही. आमच्या तिठ्यावरच्या फ्लेक्सवर ते पुरेशा मोठ्या अक्षरांत आहे.)

विषय : १५ ऑगस्ट २०२२ रोजी जाहीर झालेल्या वायुसेना स्मारकाच्या विमानाबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

परवा ८ ऑक्टोबरला, वायुसेना दिनी, सकाळी साडेसात वाजता मी आमच्या गावच्या तिठ्यावरील चौथऱ्याला हार घालायला गेलो होतो. हार झेंडूचा होता, परसातल्याच फुलांचा, आणि तो आमच्या सौभाग्यवतींनी आदल्या रात्री ओवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मला चौथऱ्यापर्यंत जाताच आले नाही, कारण त्याच्या चारही कोपऱ्यांना बांबू रोवून त्यांवर वीस फुटी फ्लेक्स चढवलेला होता. फ्लेक्स आपल्या पुतण्यांच्या वाढदिवसाचा होता आणि त्याच्या तळाशी, बारीक अक्षरांत, वायुसेना दिनाच्याही शुभेच्छा उरकलेल्या होत्या. फोटो काढत असलेल्या मुलांपैकी एकजण मला म्हणाला, "आजोबा, जरा बाजूला व्हा, फ्रेममध्ये येताय." ३९ वर्षांची शिस्त अंगात मुरलेली असल्यामुळे मी बाजूला झालो, हार तसाच घेऊन घरी आलो आणि हे पत्र लिहावयास बसलो.

आपल्या स्मरणात नसेल म्हणून थोडे मागचे सांगतो. मी १९७९ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या प्रशिक्षण केंद्रात एअरमन म्हणून दाखल झालो, तांबरमला इंजिन फिटरचे काम शिकलो आणि तेजपूरपासून राजस्थानच्या वाळवंटापर्यंत बदल्या भोगून २०१८ साली वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. त्यातला बहुतेक काळ मिग-२१ या लढाऊ विमानाच्या पोटाखाली गेला. डाव्या कानाने मला आज जे ऐकू येत नाही ते त्याच काळाचे देणे आहे. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवी कार्यक्रमात आमच्या शाळेच्या मैदानावर आपण जाहीर केले की, या पंचक्रोशीतल्या वायुसैनिकांच्या सन्मानार्थ तिठ्यावर एक निवृत्त मिग-२१ उभे केले जाईल. जागेचा प्रश्न निघाला तेव्हा गावठाणातली, रस्त्याला लागून असलेली माझ्या वाट्याची दोन गुंठे जागा मी त्याच व्यासपीठावर देऊ केली आणि महिनाभरात बक्षीसपत्रही करून दिले. त्या जागेत माझ्या धाकट्या भावाला हॉटेल काढायचे होते. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. गणपतीत आरतीला येतो, पण प्रसाद माझ्या हातून न घेता आपल्या वहिनीच्या हातून घेतो. 'येत्या वायुसेना दिनाला विमान चौथऱ्यावर असेल,' असे आपले शब्द होते. त्यानंतर परवाचा धरून चार वायुसेना दिन झाले.

त्या फ्लेक्सविषयीही लिहिणे भाग आहे. त्यावर छापलेले विमान एफ-१६ आहे. पोटाखालचे हवा ओढणारे रुंद तोंड आणि फुग्यासारखी काच पाहून कोणताही वायुसैनिक ते रस्त्याच्या पलीकडूनही ओळखील. हे विमान भारताने कधीच विकत घेतले नाही. ते १९८० च्या दशकापासून पाकिस्तानच्या हवाई दलाकडे आहे. वायुसेना दिनाच्या शुभेच्छा आपण कोणत्या वायुसेनेला दिल्या, हा प्रश्न माझ्यासारख्या अडाण्याला पडला तर राग मानू नये. वायुसेनाप्रमुख म्हणून ज्यांचे छायाचित्र आहे ते एअर चीफ मार्शल विवेक राम चौधरी ३० सप्टेंबर २०२४ रोजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एअर चीफ मार्शल ए. पी. सिंह आले, त्याला वर्ष उलटले. चौधरी साहेब नांदेडकडचे, मराठी माणूस म्हणून त्यांना ठेवले असेल, तर मग मुळगावकर, टिपणीस आणि नाईक यांनी काय घोडे मारले होते? तेही वायुसेनाप्रमुखच होते. ब्रीदवाक्य तर 'नभ स्पर्श दीप्तम' असे छापले आहे. ते 'नभःस्पृशं दीप्तम्' असे असून गीतेच्या अकराव्या अध्यायातील चोविसाव्या श्लोकातले आहे. त्या श्लोकात विश्वरूप पाहून भेदरलेला अर्जुन सांगतो की, मला धीर सापडत नाही आणि शांतीही सापडत नाही. आपला फ्लेक्स पाहून माझी अवस्था याहून फारशी वेगळी नव्हती.

'हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला' हे वाक्य आपल्या भाषणात हटकून असते, अपशिंगे मिलिटरी या गावाने पहिल्या महायुद्धात दिलेल्या ४६ जवानांचा उल्लेखही असतो, आणि सातारा हा सैनिकांचा जिल्हा आहे हे आम्हालाच दरवर्षी नव्याने सांगितले जाते. म्हणून त्या सह्याद्रीने धावून गेल्यावर काय केले, हेही एकदा ऐकावे. देवराष्ट्र्यात जन्मलेले आणि कराडात वाढलेले यशवंतराव चव्हाण नोव्हेंबर १९६२ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांब भागातून पाकिस्तानी रणगाडे अखनूरच्या रोखाने निघाले, लष्कराने हवाई मदत मागितली आणि वायुसेनाप्रमुख अर्जन सिंग परवानगीसाठी चव्हाणसाहेबांसमोर आले. परवानगी तेथल्या तेथे मिळाली. किती वेळ लागेल, या प्रश्नाला अर्जन सिंगांनी एक तास असे उत्तर दिले आणि तास भरण्याच्या आत पठाणकोटहून विमाने उडालेली होती. त्या संध्याकाळी आपली चार जुनी व्हँपायर विमाने पडली, म्हणजे निर्णय फुकटचा नव्हता. परंतु एकाने अधिकार वापरला, दुसऱ्याने मुदत सांगितली आणि दोघांचाही शब्द त्याच दिवशी, अंधार पडण्यापूर्वी खरा झाला. त्या फाईलवर 'तपासून सादर करावे' असा शेरा मारून ती कोणी खाली पाठवली असती, तर आपल्या भाषणातल्या सह्याद्रीचे काय झाले असते, याचा आपण शांतपणे विचार करावा.

शब्दाला आम्ही एवढे का चिकटून बसतो, हे आपल्याला विचित्र वाटत असेल. विमान उडण्यापूर्वी एक नोंदवही भरावी लागते, तिला आम्ही फॉर्म ७०० म्हणतो. इंजिन पाहणाऱ्याने, सांगाडा पाहणाऱ्याने, शस्त्रे पाहणाऱ्याने आपापले काम करून, हत्यारे मोजून, त्यात सही करायची. एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान जागचे हलत नाही. शेवटी वैमानिक विमानाभोवती फेरी मारतो आणि आमच्या सह्यांखाली आपली सही करून ते ताब्यात घेतो. तो आमचे हात पाहत नाही, आमच्या सह्यांवर जीव ठेवतो. ही रीत फ्लाइंग ऑफिसरपासून थेट प्रमुखांपर्यंत सर्वांना सारखीच आहे. गेल्या २६ सप्टेंबरला चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला तेव्हा ते स्वतः वायुसेनाप्रमुखांनी उडवले, आणि त्याआधी कुठल्यातरी सार्जंटच्या सहीखाली त्यांनाही सही करावी लागली असणारच. आमच्याकडे वरिष्ठ असण्याचा अर्थ हा आहे.

नव्वदच्या दशकात राजस्थानातील एका तळावर मी अशीच एक सही केली. वैमानिक चोवीस वर्षांचा होता. त्याने माझ्याच पेनाने सही केली आणि सवयीने ते पेन आपल्या ओव्हरऑलच्या बाहीवरच्या खिशात खोवून शिडी चढला. मी विमानावरून काढलेल्या सेफ्टी पिना हातात धरून त्याला दाखवल्या, सॅल्यूट केला, त्याने अंगठा वर केला. ते विमान परत आले नाही. फॉर्म ७०० तासाभरात सील झाला, चौकशी मंडळाने मला पाच दिवस तेच तेच विचारले आणि अखेरीस निष्पन्न झाले की इंजिनात पक्षी गेला होता, देखभालीत दोष नव्हता. कागदोपत्री मी त्या दिवशीच सुटलो. आजही पहाटे जाग आली की मी त्या सकाळचे एकेक नट मनात पुन्हा आवळून पाहतो. २०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत सांगितले होते की, खरेदी केलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गेली आणि त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि सेनादलांतील इतर ८ जण मृत्युमुखी पडले. आपल्या भाषणांत या आकड्यांना जागा नसते. मला तिठ्यावर मिग-२१ हवे होते ते शोभेसाठी नव्हे, आणि शाळेच्या सहलींना सेल्फी काढता यावी म्हणूनही नव्हे. त्या एका मुलाला हार घालायला, त्याच्या केरळातल्या गावी न जाता, मला माझ्या गावात एक जागा हवी होती.

गेल्या एप्रिलमध्ये मी माहितीच्या अधिकारात विचारणा केली की, विमान मिळावे म्हणून दिल्लीच्या वायुसेना मुख्यालयाशी कोणता पत्रव्यवहार झाला. तीस दिवसांत द्यावयाचे उत्तर बावन्न दिवसांनी आले : 'सदर पत्रव्यवहार या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.' म्हणजे तीन वर्षांत एक मागणीपत्रदेखील गेलेले नाही. चौथरा मात्र लगेच झाला, कारण चौथऱ्याला निविदा असते, निविदेला ठेकेदार असतो आणि ठेकेदाराला कृतज्ञता असते. त्यावर चौदा लाख खर्च झाले असे गावात बोलले जाते. मी फरशा, सळई आणि सिमेंट मोजून पाहिले तर माझा हिशेब नऊच्या पुढे सरकत नाही. चुकत असल्यास खात्याने देयके दाखवून मला खोटे पाडावे, मी जाहीर माफी मागेन.

आपले स्वीय सहायक मला म्हणाले की, काका, वर दिल्लीतही सगळे असेच चालते. हे मात्र खरे आहे. वायुसेनेला मंजूर स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, ४२ आहेत आणि मिग-२१ गेल्यानंतर उरल्या आहेत २९. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ देशी बनावटीच्या तेजस मार्क-१ए लढाऊ विमानांसाठी सुमारे ४८,००० कोटींचा करार झाला, पहिले विमान मार्च २०२४ मध्ये मिळायचे होते, आणि आज ऑक्टोबर २०२५ मध्येही ते वायुसेनेच्या ताब्यात आलेले नाही. गेल्या मे महिन्यात खुद्द वायुसेनाप्रमुख दिल्लीतील एका जाहीर कार्यक्रमात म्हणाले की, ठरल्या मुदतीत पूर्ण झालेला एकही प्रकल्प त्यांना आठवत नाही. ज्या खात्यात शिस्तीपोटी शब्द गिळायची सवय असते त्या खात्याच्या प्रमुखावर असे बोलण्याची वेळ यावी, यापरते राज्यकर्त्यांना दुसरे प्रमाणपत्र कोणते? देशाच्या वायुसेनाप्रमुखांना उडणारी विमाने वेळेवर मिळत नाहीत, तेथे एका निवृत्त वॉरंट ऑफिसरला न उडणारे कसे मिळावे, असा आपला युक्तिवाद असल्यास तो मी समजू शकतो. मग तो व्यासपीठावरून करावा, सहायकांच्या तोंडून नको.

आणखी एक गोष्ट लिहून मोकळा होतो. जुलै २०१५ मध्ये डॉ. कलाम यांचे पार्थिव दिल्लीला पालम विमानतळावर आणले तेव्हा ९६ वर्षांचे अर्जन सिंग चाकांच्या खुर्चीतून आले होते. ते पार्थिवासमोर खुर्चीतून उठून उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट केला. वायुसेनेत पाच तारे, म्हणजे मार्शल हे सर्वोच्च पद, मिळालेला तो एकमेव अधिकारी. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या गावी एका जवानाला निरोप देताना आपण गाडीची काच खाली करून हात जोडले, कारण बाहेर पाऊस होता. पाऊस होता, हे मी नाकारत नाही. आम्ही सारे त्यातच उभे होतो.

बक्षीसपत्र आता मोडता येणार नाही असे वकिलांनी सांगितले आहे, आणि मला ते मोडायचेही नाही. तेव्हा मागणी दोनच गोष्टींची आहे. येत्या रविवारपर्यंत चौथऱ्यावरचे बांबू काढून घ्यावेत. न काढल्यास मी ते स्वतः काढीन आणि आपल्या पुतण्यांचा फ्लेक्स नीट घडी घालून आपल्या कार्यालयात पोहोचता करीन. दुसरे म्हणजे, वायुसेना मुख्यालयाला पाठवायचे मागणीपत्र तीन वर्षांत आपल्या कार्यालयाला लिहिता आले नाही, म्हणून ते मीच टाइप करून या पत्रासोबत जोडले आहे. विमानाचा प्रकार, जागेचा उतारा, चौथऱ्याची मापे, रंगरंगोटी आणि देखभालीची हमी, सर्व त्यात आहे. देखभालीच्या हमीवर मी सही केलेली आहे. माझ्या सहीखाली आपल्या सहीपुरती जागा मोकळी ठेवली आहे. पेन तेवढे आपले आणावे. माझे एक पेन सहीनंतर गेले ते परत आलेले नाही.

आपला,
एक निवृत्त वॉरंट ऑफिसर, भारतीय वायुसेना
ता. जि. सातारा
१० ऑक्टोबर २०२५