गाडी विकत नाहीये

कराड, ११ ऑक्टोबर

प्रिय संज्या,

परवा फोनवर तू एका वाक्यात निकाल लावलास, "तापते ना, मग विकून टाक!" मी हो-हो करून फोन ठेवला, पण ते काही डोक्यातून जाईना. ज्या गाडीवर तू ड्रायव्हिंग शिकलास, ज्या गाडीने दादांच्या डोळ्यांदेखत आमच्या फाटकाचा खांब आडवा केलास, ती विकायला तूच सांगतोस? फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. आता मुकाट्याने वाच.

सुरुवात झाली कुंभार्ली घाटात. चिपळूणहून मावशीला घेऊन येत होतो. आत चौघं, एसी चालू, डिकीत नारळाचं पोतं. पोफळी मागे पडली, चढ लागला, गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हायला लागली आणि तापमानाचा काटा मधून निघाला तो थेट लाल पट्ट्याकडे. एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण सोडला. मावशीला वाटलं पोराचं डोकं फिरलं! अरे, इंजिनाचं गरम पाणी गार करणारी पुढची जाळी म्हणजे रेडिएटर, आणि हीटर म्हणजे आतला धाकटा रेडिएटरच, इंजिनाची तेवढीच उष्णता बाहेर पडते. काटा जरा खाली आला, कसाबसा माथा गाठला. हेळवाकला चहाला थांबलो, तर रेडिएटरचं जादा पाणी जिथे जातं ती बॉटल उतू जाऊन गाडीखाली कूलंटचं हिरवं थारोळं.

मग महिनाभर गॅरेजवाऱ्या. पहिल्याने फॅन बदलला. दुसरा म्हणाला, "आपल्याकडं थंडी कुठाय, वॉल्व लागतोच कशाला?" आणि थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारा वॉल्व, काढून टाकला, वर आमच्या बोअरचं पाणी भरलं. त्या पाण्याने चहाच्या पातेल्याला बुडाशी पांढरी खपली धरते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांचं काय होत असेल! तिसऱ्याने बॉनेटही न उघडता सांगितलं, "बॉटल उतू जाते? हेड गॅस्केट. हेड उतरवून फेसिंग करायचं, पंचवीस हजार धरा." हे गॅस्केट म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, ते फाटलं की सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतो. त्या रात्री मी विकायची जाहिरात लिहून काढली होती, हे तुला आत्ता सांगतोय.

एक मात्र खरं, तिघांपैकी कुणीही विचारलं नाही की गाडी तापते कधी. रविवारी मीच वही घेऊन बसलो. कोल्हापूर नाक्यावर अर्धा तास गाडी चालू ठेवून उभा राहिलो, काटा मध्यावर. फॅन लागत होता, बंद होत होता. (जुना फॅनही माळ्यावरून काढून थेट बॅटरीला लावला, गरगर फिरला. गेले तेवढे पैसे.) सपाट हायवेवर ऐंशीने गेलो, काही नाही. तापते ती फक्त लांब चढाला. वॉटर बॉडीखाली, म्हणजे पाण्याच्या पंपाखाली, ओल नाही, रेडिएटरचा खालचा पाइप चेपत नाही. आणि एक चमत्कारिक गोष्ट: रात्रभर थंड झाल्यावर बॉटल काठोकाठ, पण रेडिएटरचं झाकण उघडावं तर आत अर्धा लिटर कमी. गरम झाल्यावर बाहेर गेलेलं पाणी थंड होताना परत ओढलं जायला हवं ना? ते येतच नव्हतं.

तरी आधी गॅस्केटची भीती घालवली. सकाळी थंड इंजिन, झाकण काढून चालू केलं: बुडबुडे नाहीत. झाकण लावून पुन्हा चालू केलं आणि वरचा पाइप दाबून धरला. सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरत असता तर तो मिनिट-दोन मिनिटांत दगडासारखा घट्ट झाला असता. मऊच होता. ऑइलच्या काडीला दुधाळ रंग नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही. हेड उतरवायचं कारणच नव्हतं.

मग उरलं ते झाकण. आपण त्याला नुसतं झाकण समजतो, पण ते कुकरच्या शिट्टीचं काम करतं. त्यावर ०.९ लिहिलेलं असतं, म्हणजे ०.९ बार दाब धरायचा. त्या दाबाखाली साधं पाणीही ११८ अंशांच्या आसपास उकळतं, निम्मं कूलंट असेल तर सव्वाशेच्या पुढे. आमच्या झाकणाचा रबर वाळून कुकरच्या जुन्या रिंगसारखा कडक झालेला. दाब धरत नाही, चढाला हेडमध्ये पाणी उकळतं आणि बॉटलकडे धावतं. परत का येत नाही? बॉटलला जाणाऱ्या करंगळीएवढ्या पाइपला क्लिपपाशी चीर. पाण्याऐवजी हवा ओढली जायची. दर चढाला थोडं कमी, पुढच्या चढाला आणखी लवकर गरम.

झाकण १८० रुपये, पाइप ६० रुपये. थर्मोस्टॅट परत बसवला, कारण त्याच्याशिवाय इंजिन लवकर गरम होईना आणि पेट्रोल जास्त जात होतं. बसवण्याआधी आईच्या दुधाच्या पातेल्यात उकळून पाहिला, डेअरीतलं थर्मामीटर घालून. वर ८२ कोरलेलं, ८३-८४ ला तोंड उघडायला लागला. आईने ते पातेलं तेव्हापासून वेगळं ठेवलंय, त्याला "गाडीचं पातेलं" म्हणते. बोअरचं पाणी काढून टाकलं, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं भरलं, हवा निघेपर्यंत हीटर चालू ठेवून तासभर बसलो.

काल मुद्दाम चिपळूणला उतरून परत आलो, एसी लावून. पोफळीपासून माथ्यापर्यंत माझी नजर रस्त्यावर कमी आणि काट्यावरच जास्त. तो मध्यावरून हलला नाही. अर्थात पाणी फारच उतरलं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटंच थंड दाखवतो, म्हणून हेळवाकला थांबून बॉटलही पाहिली. थोडी वर. घरी आल्यावर रात्री पुन्हा पाहिली, जिथल्या तिथे.

दिवाळीत येशील तेव्हा घाटात गाडी तू चालव. आणि हो, फाटकाचा खांब आता सिमेंटचा आहे.

तुझा,
दिल्या