पाणी फुप्फुसात नव्हे, फुप्फुसाभोवती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला 'फुप्फुसात पाणी' हा लेख वाचला. त्यात दोन निराळे आजार एकाच मथळ्याखाली आले आहेत आणि शेवटी 'पाणी काढले की रुग्ण बरा होतो' असं वाक्य आहे. मी 31 वर्षं परिचारिका होते, त्यातली बहुतेक छातीच्या वॉर्डात गेली. हे वाक्य तिथे नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं की समजावून सांगता यायचं. छापलेल्याचं काय करणार, म्हणून हे पत्र.

फुप्फुसाच्या आत, हवेच्या बारीक पिशव्यांत पाणी भरतं तेव्हा माणसाला आडवंही होता येत नाही, कधी गुलाबी फेस येतो, आणि सुई घालून काढण्यासारखं तिथे काही नसतं. वॉर्डात आम्ही 'छातीत पाणी' म्हणायचो ते फुप्फुसाच्या बाहेरचं. फुप्फुसाला एक पातळ आवरण घट्ट बसलेलं असतं, तेच वळून बरगड्यांना आतून अस्तर लावतं. दोन्ही पदरांच्या मध्ये एरवी जेमतेम दोन-तीन चमचे ओलावा असतो. बाहेरच्या पदरातून तो सतत झिरपतो आणि त्याच पदरावरच्या सूक्ष्म छिद्रांतून लसिकावाहिन्या (शरीरातला जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) तो शोषून घेतात. झिरपणं वाढलं किंवा ही छिद्रं तुंबली की पाणी साचतं. 'जास्त पाणी प्यायल्यामुळे झालं का हो सिस्टर?' असं मला किती जणांनी विचारलं असेल! प्यायलेल्या पाण्याचा इथे काही संबंध नाही.

साचलेलं पाणी कुठून आलं, हा खरा प्रश्न. हृदय थकलं की रक्तवाहिन्यांतला दाब वाढतो, यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं की रक्तातली प्रथिनं घटतात. मग आवरण निरोगी असूनही पाणी त्यातून पाझरतं. अशा पाण्यात प्रथिनं कमी असतात. पण आवरणालाच सूज आली, तर त्याच्या केशवाहिन्या गळक्या होतात आणि प्रथिनंही बाहेर पडतात. अमेरिकेतले डॉक्टर रिचर्ड लाइट यांनी 1972 मध्ये यासाठी साधी मोजपट्टी दिली. पाण्यातली प्रथिनं रक्तातल्या प्रथिनांच्या निम्म्याहून जास्त असतील, तर दोष बहुधा आवरणाचा. (एलडीएच नावाच्या द्रव्याचीही अशीच तुलना करतात.) म्हणून सुईने काढलेलं पाणी बादलीत ओतायचं नसतं, ते तपासायला पाठवायचं असतं.

हे सगळं ठाऊक असून मी स्वतः फसले. निवृत्तीनंतर वर्षभराने श्वास घेताना उजव्या कुशीत सुरी खुपसल्यासारखं दुखू लागलं. खोकला आला की हाताने बरगडी दाबून धरायची. संध्याकाळी अंग कसकसायचं. एका डॉक्टरांनी स्नायू आखडलाय म्हणून मलम दिलं. आठवड्याने दुखणं थांबलं आणि मी खूश झाले. मला तरी कळायला हवं होतं! आतल्या पदराला वेदना कळत नाहीत, दुखतो तो बाहेरचा. सुजलेले दोन पदर एकमेकांवर घासतात तोवर कळ येते. मध्ये पाणी साचलं की पदर दूर होतात आणि कळ जाते. म्हणजे माझं दुखणं थांबलं तेच मुळी पाणी भरल्यामुळे. जिना चढताना धाप लागली तेव्हा एक्स-रे काढला. उजवी छाती निम्मी पांढरी होती.

पाणी गवताच्या रंगाचं निघालं. क्षयाचे जंतू त्यात दिसले नाहीत, आणि घरच्यांना वाटलं, सुटलो. क्षयाच्या पाण्यात जंतू बहुधा फार थोडे असतात. फुप्फुसाच्या कडेची एखादी बारीकशी गाठ फुटून जंतूंचे अंश आवरणात सांडतात आणि शरीराच्या पेशी त्यांच्यावर तुटून पडतात. पूर येतो तो मुख्यतः या भडक्यामुळे. माझ्या पाण्यात लिम्फोसाइट (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) भरपूर होत्या, एडीए नावाचं, क्षयाच्या पाण्यात वाढणारं द्रव्यही वाढलेलं होतं, त्यावरून क्षयाचं निदान झालं. सहा महिने गोळ्या घेतल्या.

न्यूमोनियाचं पाणी वेगळं वागतं. त्यात पू झाला की फायब्रिनची (रक्त गोठताना तयार होणाऱ्या चिकट धाग्यांची) जाळी विणली जाते, पाण्याचे कप्पे पडतात आणि एका नळीने सगळं निघत नाही. उशीर झाला तर फुप्फुसावर जाड साल धरते, फुप्फुस फुलायचं नाव घेत नाही.

वॉर्डातले एक आजोबा अजून आठवतात. बॉयलरच्या नळ्यांवर उष्णता अडवणारं तंतुमय खनिज, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळण्याचं काम त्यांनी तरुणपणी केलं होतं. आयुष्यात विडी ओढली नाही, असं पुन्हा पुन्हा सांगायचे. खरंच असेल, कारण त्यांना झालेल्या आवरणाच्या कर्करोगाचा, मेसोथेलिओमाचा, धूम्रपानाशी संबंध नाही. दक्षिण आफ्रिकेत डॉक्टर वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी 1960 मध्ये त्याचं अ‍ॅस्बेस्टॉसशी नातं दाखवलं. हे तंतू पेशींना पचवता येत नाहीत, सूज धुमसत राहते आणि रोग अनेकदा 30-40 वर्षांनी उगवतो. आजोबांचं पाणी काढलं की पंधरा दिवसांत पुन्हा हजर. शेवटी नळीतून टाल्क (शंखजिऱ्याची बारीक पूड) सोडून मुद्दाम सूज आणली, म्हणजे दोन्ही पदर चिकटतील आणि पाण्याला जागाच उरणार नाही.

आता लेखातल्या गल्लतीबद्दल एक गंमत. बाहेरचं पाणी भराभर आणि खूप काढलं, तर दबलेलं फुप्फुस एकदम फुलतं आणि कधीकधी त्याच्या आतच पाणी येतं. म्हणून एका वेळी साधारण दीड लिटरच्या आसपास थांबायचं, आणि खोकला किंवा छातीत आवळल्यासारखं सुरू झालं तर त्याआधीच. आपल्या लेखकाचे दोन आजार एकत्र येतात ते इथे.

कृपया दुरुस्ती छापावी, आणि मथळ्यात 'फुप्फुसाभोवती' असा शब्द घालावा. माझ्या एक्स-रेत उजवा खालचा कोपरा अजून बोथट दिसतो. नव्या डॉक्टरांना दर वेळी त्याची कथा सांगावी लागते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका