वैशाखाच्या उन्हाआधी इंजिन तपासणी

सर्व नाखवा (बोटमालक) मंडळींना,

येत्या रविवारी सकाळी ८ वाजता जेटीवर प्रत्येक बोटीच्या इंजिनचं कूलिंग बघायचं आहे. तांडेल (बोट चालवणारा) आणि इंजिन सांभाळणारा खलाशी, दोघांनीही यावं.

समुद्राचं पाणी आता ३० अंशांच्या आसपास असतं. इंजिन थंड करायला आत येणारं हे पाणीच कोमट, मग ते उष्णता कमी ओढतं. थंडीत खपून गेलेली अर्धी तुंबलेली जाळी (आत येणारं पाणी गाळणारी) आता खपणार नाही.

- जाळी साफ करा, पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारं पात्यांचं चाक) उघडून बघा. माझ्या इम्पेलरची दोन पाती तुटलेली निघाली. तुकडे कूलरच्या नळ्यांत!
- इंजिनखोलीच्या हवेच्या वाटेवर मासेमारीची जाळी-दोर रचू नका. गरम हवा विरळ, इंजिनला हवा कमी पडते आणि धूर काळा येतो.
- तापमानाचा काटा चढला तर आधी वेग कमी करा. गरम इंजिनच्या पाण्याचं झाकण उघडायचं नाही.