बारावी झालेल्यांना लिहायला का शिकवावे लागते?

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलेत की इंजिनीअरिंगच्या मुलांना लिहायला शिकवण्यासाठी कॉलेजला वेगळी प्राध्यापिका कशाला लागते. बारावी पास झालेल्या मुलाला लिहिता येत नाही, असे कसे होईल? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर फोनवर देण्यासारखे नव्हते, म्हणून हे पत्र.

मुलांना लिहिता येते, पानेच्या पाने लिहितात. मात्र आजवर त्यांनी जे लिहिले, ते अशा वाचकासाठी लिहिले की ज्याला उत्तर आधीच ठाऊक होते. परीक्षक उत्तरपत्रिका काही समजून घेण्यासाठी वाचत नाही. विद्यार्थ्याला येते की नाही एवढे पाहतो आणि हवा तो मुद्दा दिसला की गुण देऊन पान उलटतो. त्यामुळे आठवेल तेवढे सगळे ओतायचे आणि वेळ उरला तर पुरवणी मागायची, ही सवय अंगात मुरते. नोकरीत वाचणारा निराळा असतो. त्याला विषय माहीत नसतो, वेळही नसतो, आणि वाचून झाल्यावर त्याला काहीतरी करायचे असते: मशीन चालू करायचे असते, खर्चाला मंजुरी द्यायची असते किंवा आलेला माल परत पाठवायचा असतो. तुम्ही भोसरीच्या कारखान्यात पाळी सोडताना वहीत जी नोंद करत होता, तिच्यात कोणत्या प्रेसचा तेलाचा दाब उतरतो आहे, कोणते सील बदलले आणि पुढच्या पाळीने कशावर लक्ष ठेवायचे, एवढेच असे, आणि तेवढ्यावर पुढचा माणूस बिनघोर मशीनला हात लावत असे. तसे लिहिणे कोणत्याही पेपरात विचारले जात नाही, म्हणून ते कोणाला येत नाही.

हे नुसते सांगून पटत नाही, म्हणून मी मुलांना वर्कशॉपमध्ये नेते. (आई, लेथ म्हणजे धातूचा तुकडा, म्हणजे जॉब, गोल फिरवून कापायचे यंत्र; चक म्हणजे तो जॉब धरणारी पकड आणि जॉ म्हणजे त्या पकडीचे जबडे.) लेथच्या तीन जॉच्या चकमधले जॉ काढून पुन्हा कसे बसवायचे, याच्या सूचना एका गटाने लिहायच्या आणि दुसऱ्या गटातल्या, ते काम कधीही न केलेल्या मुलाने केवळ त्या वाचून जॉ बसवायचे. मेन स्विच बंद असतो, वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर शेजारी उभे असतात आणि ज्यांनी सूचना लिहिल्या त्यांनी तोंड उघडायचे नाही, एवढाच नियम. या सत्रात एका गटाने लिहिले होते, ‘तिन्ही जॉ आपापल्या खाचेत व्यवस्थित बसवावेत.’ जॉवर १, २, ३ असे आकडे कोरलेले असतात आणि ते त्याच क्रमाने घालावे लागतात, हे तुम्हाला सांगायला नको. सूचनेत त्याचा पत्ताच नव्हता. वाचणाऱ्या मुलाने आधी १, मग ३, मग २ असे घातले. तिन्ही बसले, चक आवळायची चावी फिरली, त्याला वाटले काम झाले. जॉब पकडायला घेतला तेव्हा तो मध्यावर येईना. लिहिणारी मुले शेजारी चुळबुळत होती, एकाने तर तोंडावर हात दाबून धरला होता. पण ‘व्यवस्थित’ या शब्दात काय काय गृहीत धरले होते, ते त्यांना त्या पाच मिनिटांत जेवढे कळले तेवढे माझ्या तासभराच्या व्याख्यानाने कळले नसते.

त्याच कागदाच्या शेवटी, ‘मशीन चालू करा’ या पायरीनंतर, चौकट आखून सुबक अक्षरात लिहिले होते: ‘चकमध्ये चावी ठेवून मशीन कधीही चालू करू नये.’ बाबा, तुम्ही कपाळावर हात माराल. सूचना वाचणारा माणूस एक ओळ वाचतो आणि तेवढे करतो, मग पुढची ओळ वाचतो; तेव्हा धोक्याचा इशारा त्या कृतीच्या आधीच यावा लागतो. मुलांना हे ऐकल्यावर इतके उघड वाटते की ती हसतात, आणि पुढच्या कागदावर इशारा पुन्हा शेवटी येतो, कारण ‘सुरक्षिततेच्या सूचना’ हा मुद्दा शेवटी लिहायचा असे त्यांनी कुठेतरी पाहिलेले असते.

कल्पना चावला ज्या कोलंबिया यानात होत्या, त्याचा किस्सा मी दर वर्षी सांगते. जानेवारी २००३ मध्ये उड्डाणाच्या वेळी इंधनाच्या टाकीवरील फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला. यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्याचा अभ्यास करून सादरीकरण केले. त्यातल्या एका स्लाइडचा मथळा वाचणाऱ्याला दिलासा देणारा होता. आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घन इंचांचा होता आणि ज्या चाचण्यांच्या आधारे तो दिलासा दिला गेला, त्या ३ घन इंचांच्या तुकड्यांवर केलेल्या होत्या, ही गोष्ट स्लाइडच्या अगदी तळाशी बारीक उपमुद्द्यांत होती. १ फेब्रुवारीला परतताना यान कोसळले आणि सातही अंतराळवीर गेले. अपघात एका स्लाइडमुळे झाला असे मी म्हणत नाही, पण चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडची स्वतंत्र दखल घेतली आहे. ती मी पडद्यावर लावते आणि यातली बातमी कोणती, ते शोधायला सांगते. वर्गातल्या साठ-सत्तर मुलांपैकी ती चटकन सापडणारे फार थोडे असतात, आणि त्यानंतर काही आठवडे तरी अहवालाचा निष्कर्ष पहिल्या पानावर येतो.

आई, तुझ्या शाळेत निबंधाला प्रस्तावना लागत असे, ते ठीकच होते. पण ड्रिलिंग मशीनच्या कंपनांवरचा अहवाल ‘भारत हा विकसनशील देश आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने सुरू झाला की मला तुझी आठवण येते. शेवटच्या वर्षीच्या प्रकल्पाचे ‘ब्लॅक बुक’, म्हणजे बांधून द्यायचा अहवाल, तर बघण्यासारखे असते. काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरे, आत आभारांची दोन पाने, आणि मुलांनी स्वतः काय मोजले ते कुठेतरी साठाव्या पानावर.

इंग्रजीचा प्रश्न आहेच, पण तो लोक समजतात तसा नाही. मराठी माध्यमातून आलेली, बीड-लातूरकडची मुले तीच कृती मराठीत झकास सांगतात, आणि इंग्रजीत लिहायला बसली की जड शब्द गोळा करू लागतात. म्हणून मी त्यांना आधी मराठीत, चाकणच्या कारखान्यातल्या नव्या हेल्परसाठी लिहायला लावते आणि मग इंग्रजीत. विमानांच्या देखभालीच्या पुस्तिकांसाठी सोप्या इंग्रजीची ठरवून दिलेली नियमावली आहे. तिच्यात कृती सांगणारे वाक्य २० शब्दांच्या आत असावे लागते. ती दाखवली की या मुलांचा जीव भांड्यात पडतो. (या पत्रातली निम्मी वाक्ये त्या नियमात बसत नाहीत, हे बाबा मोजून सांगतीलच.)

आता हे सगळे चॅटजीपीटी लिहून देते, असा तुमचा पुढचा प्रश्न असेल. देते, आणि भाषा माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा सफाईदार असते. पण एकाने तशा आणलेल्या कागदात लेथ थांबवण्यासाठी पायाने दाबायचा ब्रेक होता आणि आमच्या जुन्या लेथला तो नाहीच. ज्याने मशीन पाहिलेले नाही त्याच्याकडून सूचना लिहून घेतल्या की असे होणार, मग तो माणूस असो की यंत्र. मी त्या मुलाला काही बोलले नाही. तो कागद दुसऱ्या गटाच्या हातात दिला आणि ब्रेक शोधायला सांगितला.

सध्या सबमिशनचे दिवस आहेत, त्यामुळे रात्री उशिरापर्यंत कागद तपासत बसते. ते आटोपले की दोन दिवस वाईला येईन. एका गटाने विहिरीवरच्या मोटरीत पाणी भरून हवा काढण्यापासून ती बंद करण्यापर्यंतच्या सूचना मराठीत लिहिल्या आहेत, त्या सोबत आणते. आई, इतकी वर्षे मोटर बाबाच लावतात. तेव्हा या वेळी कागद हातात घेऊन ती तू चालू करायचीस. मी मुलांसाठी टिपण काढीन, आणि बाबांनी पायरीवर बसायचे, पण मध्ये एक अक्षर बोलायचे नाही.

तुमची,
धाकटी