पाखल्याच्या तोंडी इंग्रज साहेबाची मराठी का?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पोर्तुगीज अमदानीतल्या गोव्यावरची एक भलीमोठी ऐतिहासिक प्रेमकादंबरी सध्या एका अॅपवर नाट्यरूपात, भागाभागांनी ऐकायला मिळते आहे. गोव्याची इतकी मोठी कथा मराठीत ध्वनिरूपात आली याचा मला मनापासून आनंद झाला, म्हणूनच त्यात जे खटकले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. मी डिचोली तालुक्यात मराठी शिकवून निवृत्त झाले. काचबिंदूने दृष्टी गेलेल्या माझ्या सासूबाई आणि मी, दुपारची जेवणे आटोपली की ही मालिका लावतो.

पहिल्याच भागात पोर्तुगीज सरदार बोलू लागला आणि सासूबाई म्हणाल्या, “पाखले अशे उलयनासले.” म्हणजे, गोरे पोर्तुगीज असे बोलत नसत. मुक्तीआधी त्यांनी ते आवाज बाजारात, कचेरीत ऐकलेले आहेत. मालिकेतला सरदार हिंदी सिनेमातल्या इंग्रज अधिकाऱ्यासारखा ‘टुम’ आणि ‘हमारा’च्या थाटात मराठी बोलतो. लिस्बनहून आलेला माणूस असा बोलणारच नाही. पोर्तुगिजांचे त आणि द आपल्यासारखेच दाताला जीभ लावून उच्चारतात. त्यांचे कितीतरी स्वर नाकातून येतात आणि शब्दाच्या शेवटचा स बहुधा श होतो. हे सांगणारी, पोर्तुगीज सहज बोलणारी माणसे आजही पणजीत, मडगावात आहेत. त्यांच्यापैकी कोणाला तासभर स्टुडिओत बसवले असते तरी पुरे झाले असते.

कोणी म्हणेल, एवढ्या उच्चाराचे काय घेऊन बसलात? पण रंगमंचावर झगा असतो, टोपी असते, रंगवलेला पडदा असतो. ऐकायच्या नाटकात पात्राला आवाजाखेरीज दुसरा चेहराच नाही. इंग्रजांचे राज्य आणि पोर्तुगिजांचे राज्य यांत फार फरक होता. आवाज एकच ठेवला की श्रोत्याच्या मनात तो सगळा फरक पुसला जातो.

आणि गोव्याच्या इतिहासात तर राज्यकर्त्यांनी आवाजावरच हुकूम काढले होते. १६८४ साली व्हाइसरॉयने फर्मान काढले की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज शिकावे आणि आपली बोली सोडावी. १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, जो जाहीरनामा काढला त्यात अंगणातली तुळस निषिद्ध ठरली आणि लग्नात ओव्या म्हणणेही निषिद्ध ठरले. ध्वनिनाट्य लिहिणाऱ्याला याहून मोठे घबाड काय हवे! या मालिकेतले धर्मांतरित घरातले लग्न त्यानंतरच्या काळातले आहे, आणि तिथे सनई वाजते, बायका खुल्या गळ्याने गातात. त्या जागी दार लावून घेतल्याचा आवाज हवा होता. मग एखादी म्हातारी पुटपुटल्यासारखी ओवी धरते, बाहेर पावले वाजतात, ओवी अर्ध्यावर तुटते आणि कोणीतरी मोठ्याने लॅटिन प्रार्थना सुरू करते. नायक-नायिकेचेही तसेच. कानगोष्टी कोकणीत चालल्या आहेत आणि खोलीत कोणी शिरताच दोघे पोर्तुगीजवर येतात. छापील पानावर हे सांगायला लेखकाला एक वाक्य खर्चावे लागते, कानाला ते आपोआप कळते. ही संधी हातची घालवलेली पाहून मला फार वाईट वाटले.

श्रीमंगेश कुठ्ठाळीहून नदीपार प्रियोळला नेल्याची कथा कादंबरीतली आजी नातीला सांगते. १५६० सालचा तो प्रसंग गोव्यातल्या घराघरांत सांगितला जातो. इथे निवेदकाने तो एका वाक्यात उरकला आहे, मागे बासरी. (ही बासरी तर कुठल्याच भागात थांबत नाही.) वल्ह्याखालचे पाणी, दाबून धरलेले श्वास, एवढे जरी ऐकू आले असते तरी अंगावर काटा आला असता.

काटछाटीबद्दलही बोलायला हवे. प्रेमाचे प्रसंग सगळे ठेवले आणि जमिनीचे प्रकरण गाळले. मोडलेल्या देवळांच्या जमिनी चर्चच्या नावे गेल्या, गावकरीतले, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेतले, मान आणि हिस्से हातचे गेले, त्यावरूनच तर कादंबरीतल्या दोन घराण्यांत वैर आहे. ते काढून टाकल्यावर या दोघांचे लग्न नक्की कशामुळे अडले आहे हे नव्या श्रोत्याला कळणार कसे? एम. एम. के यांची ‘द फार पॅव्हिलियन्स’ ही १९७८ची जाडजूड कादंबरी बीबीसीने २०११ साली रेडिओवर पंधरा-पंधरा मिनिटांच्या भागांत आणली. हिंदू दाईने वाढवलेला इंग्रज मुलगा आणि एक राजकन्या यांचे प्रेम त्या कथेत आहे, पण तिचा शेवट १८७९च्या काबूलमधल्या इंग्रज वकिलातीवरच्या हल्ल्यापर्यंत जातो. प्रेम आणि राज्यकारभार एकमेकांत गुंतलेले नसतील तर अशा कादंबऱ्यांना एवढी पाने लागलीच नसती. भाग वाढवा, पण कणा काढू नका.

सगळेच वाईट आहे असे नाही. नायिकेचे काम करणाऱ्या मुलीने तुरुंगाचा भाग असा काही केला आहे की सासूबाईंनी तो पुन्हा लावायला सांगितला. मच्छवा बंदराला लागतो तिथली हाकाटीही अगदी अस्सल आहे.

माझी विनंती निर्मात्यांना आहे, तशीच आकाशवाणी पणजी आणि कला अकादमी यांनाही आहे. पुढची कादंबरी घ्याल तेव्हा ध्वनिमुद्रण गोव्यात करा. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा इथे गावोगाव उत्सवी नाटकांत वर्षानुवर्षे कामे केलेली माणसे आहेत. संवाद दूरवर पोचवायची त्यांच्या गळ्याला सवय आहे, मायक्रोफोनसमोर आवाज खाली आणायला त्यांना थोडे शिकवावे लागेल, एवढेच. ख्रिस्ती पात्रांसाठी तियात्रातल्या, म्हणजे गोव्यातल्या कोकणी संगीत नाटकातल्या, कलाकारांना बोलवा. मराठी संवादात त्यांच्या कोकणीचा हेल उतरला तर उतरू द्या, त्या काळच्या साष्टी-बारदेशातला माणूस तसाच बोलला असता. जत्रा आणि उत्सव आटोपल्यावर पावसाळ्यात ही मंडळी बरीचशी मोकळी असतात. ध्वनिमुद्रणाच्या तारखा तेव्हाच्या धराव्यात.

आपली,
एक निवृत्त मराठी शिक्षिका
डिचोली, गोवा