वॉकर परत करा, बाबा

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर मी बोलायला लागले की आई गप्प होते आणि बाबा ‘बरं बरं’ म्हणत टीव्हीचा आवाज वाढवतात, म्हणून लिहितेय.

बाबा, नवी पेठेतून आणलेला वॉकर दुकानदार घेत असेल तर परत द्या, नाहीतर माळ्यावर टाका. आम्ही दोघांनी ठरवलंय, बाळाला वॉकर नाही. तुम्ही किती हौसेनं आणलात ते मला कळतं, रंगही गोड आहे. पण त्यात पोर नुसतं चवड्यांवर रेटत पळतं, स्वतःचा तोल सांभाळायची वेळच येत नाही. शिवाय आपला तो जिना! कॅनडात 2004 पासून वॉकर विकायलाच बंदी आहे. (सासूबाईंनाही हेच सांगितलंय, त्यामुळे नियम फक्त माहेरालाच असं आईनं मनात आणू नये.)

आणि आई, ‘सातवा संपला, तरी बसत नाही’ हे आता पुरे. तो सहा आठवडे आधी आला ना? डॉक्टर त्याचं वय ठरलेल्या तारखेपासून धरतात, दोन वर्षांचा होईपर्यंत. म्हणजे आत्ता साडेपाच महिन्यांचाच. जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्यासह पाच देशांतली निरोगी मुलं पाहिली, त्यात आधाराशिवाय बसणं चौथ्यापासून नवव्या महिन्यापर्यंत कधीही आलं. एकट्यानं चालणं आठव्यापासून थेट साडेसतराव्यापर्यंत! शंभरातली चारेक तर गुडघ्यांवर रांगलीच नाहीत. मी तरी कुठे रांगले? ढुंगणावर सरकत तुळशीपर्यंत जायचे आणि तुझ्या पातळाचा काठ धरून उभी राहायचे, तूच सांगतेस.

त्याचं छान चाललंय गं. हात धरून उठवलं की मान मागे पडत नाही, मुठी उघडल्यात, दोन्ही हात सारखे चालतात. एकच हात वापरत असता तर मीच आधी धावले असते. तुझ्या चादरीवर पालथा पडतो, एक हात अंगाखाली अडकतो, मग कुल्ले वर करून कण्हत कण्हत तो सोडवतो आणि काठाचा गोंडा थेट तोंडात. परवा दोन्ही हात पुढे टेकून बसला, चार श्वास, की नाकावर.

मालीश रोज होते, काळजी नको. गड्ड्याच्या यात्रेला येतोच आहोत, पण नंदीध्वजांच्या गर्दीत त्याला नेणार नाही, आत्याला आधीच सांगून ठेवा. लोडांचा कोट करून बसवायचं नाही. तो जागा असेल तेव्हा जमिनीवर पालथा, झोपताना मात्र उताणाच. पाय पसरून अंघोळ घालायचा हट्ट करू नकोस, गुडघे तुझेच आहेत. टब मी आणतेय, तू शेजारी खुर्चीवर बसून गाणी म्हण, तुझा आवाज तो लगेच ओळखतो.

बाबा, शुगरची गोळी जेवणानंतर आठवून उपयोग नाही. आणि पाणी येईल त्या दिवशी हंडे उचलायचे नाहीत, शेजारच्या पोराला हाक मारा.

तुमची,
छकुली